विभाकाकूंच्या माहेरवाशिणी

विभाकाकूंनी कुणाला शिवी दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांना गरजच पडत नसे. चष्म्याच्या वरून बघायच्या आणि दोन शब्द म्हणायच्या, "कोपरा राहिला." बस्स. पेटी पुसणाऱ्या विद्यार्थ्याला, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणाऱ्या नवऱ्याला, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत तासभर रांगोळी काढून कंबर धरत उठलेल्या बाईला, सगळ्यांना तेच. आणि वैताग असा की कोपरा खरोखरच राहिलेला असायचा. त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

मी नागपूरहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी स्टॅटिस्टिक्स शिकायला आले होते. तिघी जणी एका अपार्टमेंटमध्ये, गादी जमिनीवर आणि इंडियन दुकान म्हणजे नावाला एक. कॅम्पसवर तासावारी काम शोधत होते. नोटीस बोर्डावर 'प्राण्यांची देखभाल' असं वाचलं आणि मला वाटलं ससे असतील. जाऊन बघते तो गोगलगाई! आणि समोर पांढऱ्या कोटात, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, साठी ओलांडलेल्या डॉक्टर विभाकाकू. माझं आडनाव वाचून त्या सरळ मराठीतच सुरू झाल्या.

"गोगलगाय बघितलीयस कधी?"

"हो ना. पावसाळ्यात आमच्या मोरीत यायच्या. आम्ही मीठ टाकायचो."

मला वाटलं हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मीठ टाकल्यावर काय होतं, सांग."

"काय म्हणजे... मरते."

"कशी मरते ते सांग. तू बघितलंयस ना?"

मग त्यांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. फेस कसा येतो, अंग कसं आकसतं, किती वेळ वळवळ चालते. मी रडकुंडीला आले होते. सगळं ऐकून म्हणाल्या, "लक्षात आहे ना नीट? विसरू नकोस. उद्या आठला ये." नोकरी मिळाली होती. मला आनंद व्हायला संध्याकाळ उजाडली.

त्यांच्या गोगलगाई बोटाच्या पेराएवढ्या, मधाच्या रंगाच्या, शंखावर एक गडद पट्टा. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर एक दरी आहे, तिथल्या झाडांवर त्या राहायच्या. जगात दुसरीकडे कुठे नाही. अंडी घालत नाहीत, एकेक जिवंत पिल्लू होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, पाठीवर आपलं घर घेऊनच येतं. त्या बेटावर लोकांनी खायला म्हणून एक मोठी गोगलगाय बाहेरून आणली. ती शेतात पसरली, पिकं खाऊ लागली. तिला खायला म्हणून आणखी एक शिकारी गोगलगाय आणली. तिनं त्या मोठीकडे फारसं बघितलंच नाही, या बारक्यांवर तुटून पडली. दरी रिकामी झाली. त्याआधी कुणीतरी काही डबे भरून बाहेर काढल्या होत्या. ठिकठिकाणच्या लॅबमध्ये ठेवलेल्या एकेक करून मेल्या, आणि या दरीतली जात फक्त काकूंच्या खोलीत उरली, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेट्यांत, ओल्या कागदावर.

काकू त्यांना माहेरवाशिणी म्हणायच्या. "इथं बाळंतपणाला आल्यात. बाळं मोठी झाली की पाठवणी करायची." आणि ती पाठवणी म्हणजे नुसती थाप नव्हती. त्या दरीत कुंपण घालून जागा तयार केली होती, परवानग्या येत होत्या, काकूंनी आयुष्याची वीस-बावीस वर्षं त्यात घातली होती. येत्या उन्हाळ्यात पहिली तुकडी जायची होती. पाठवणीचा विषय निघाला की या बाईचा आवाज मऊ व्हायचा. एरवी तो सुरीसारखा.

त्या बेटाची गोष्ट सांगून झाली की त्या शेवटी एकच म्हणायच्या, "दोन्ही वेळा हेतू चांगला होता हं." पुढे लॅबमध्ये कुणाचं काही चुकलं, कुणी 'मला वाटलं की' असं सुरू केलं, की त्या हात वर करायच्या. "हेतू नको सांगूस. काय केलंस ते सांग."

पहिल्याच दिवशी त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. आईनं निघताना तांब्याचं कडं घातलं होतं, थंडीत सांधे धरू नयेत म्हणून. चोविसाव्या वर्षी माझे सांधे!

"काढ ते."

"काकू, आईनं दिलंय."

"मग आईलाच बोलाव इथे, आणि तिच्यासमोर मार यांना. तांबं म्हणजे यांना विष. पाण्यात एवढंसं उतरलं तरी संपल्या. खिशात तांब्याची पेनी, नाणं असेल तर तेही बाहेर ठेव."

मी मुकाट्यानं काढलं. ही गोष्ट त्यांनी लॅबमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती. केलीला, म्हणजे माझ्याबरोबर काम करणाऱ्या तिथल्याच मुलीला, झाडायला येणाऱ्या माणसाला, नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला. पाणी फक्त डिस्टिल्ड, मोठ्या पांढऱ्या कॅनमधलं. स्प्रेची बाटलीसुद्धा ठरलेली. मी पाणी मारायचे आणि मागून आवाज यायचा, "नागपूर, कोपरा राहिला." दोन वर्षांत माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही.

वर्षातून एकदा शाळेची मुलं लॅब बघायला यायची. मंडळातल्या एका ताईंची रिया, वय सात-आठ, पेटीला नाक लावून म्हणाली, "They're so cute! काकू, what eats them?" दुसरी कुणी असती तर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. काकूंनी त्या पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं, ती दुसरी गोगलगाय यांचा माग काढत येते, ही घाबरून घरात शिरते, मग ती दारातून तोंड आत घालते आणि हिला हिच्याच घरात जिवंत खाते. रियाचा ओठ थरथरायला लागला. काकू म्हणाल्या, "And she comes back for the babies."

दोन दिवसांनी त्या ताईंचा फोन. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला. "अहो काकू, रिया रात्रीची किंचाळत उठते हो! लहान मुलांना असं सांगतात का?"

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "एवढी जात संपली, निदान कुणाची तरी झोप उडाली." आणि फोन ठेवला.

आता अण्णाकाकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत. अण्णाकाका म्हणजे काकूंचे मिस्टर, कुठल्याशा कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. उंच, किंचित वाकलेले, कायम स्वेटरमध्ये. मूलबाळ नाही. रविवारी काकू आम्हा दोघींना जेवायला बोलवायच्या. हाताला चव अशी की त्यांचं आठवडाभराचं बोलणं विसरायला व्हायचं. अण्णाकाका पानं घेणार, आणि मग ओट्यावरच्या तांब्याच्या कळशीतून पेले भरणार. ती कळशी त्यांच्या आईची, पहिल्यांदा अमेरिकेला येताना विमानात मांडीवर धरून आणलेली. रोज झोपण्याआधी ती भरून ठेवणं हे त्यांचं देवपूजेसारखं. "घे. तांब्याचं आहे, रात्रभर ठेवलेलं. चाळीस वर्षांत मला साधा सर्दी-खोकला नाही." केलीसुद्धा मुकाट्यानं प्यायची.

पहिला घास घेतला की काका विचारायचे, "कशा आहेत गं आज तुझ्या गोगलगाई?"

"तुम्हाला काय करायचंय?"

रोजचं होतं हे. रविवारचं नव्हे, रोजचं. काकांनी विचारायचं आणि काकूंनी तोडायचं. कधी आमच्याकडे बघून म्हणायच्या, "यांना काय कळतंय त्यातलं?" त्यांनी काकांना लॅबची पायरी कधी चढू दिली नव्हती. एकदा ते हौसेनं डबा घेऊन आले, तर काकूंनी दारातच डबा घेतला आणि दार लावलं. काका काचेतून आमच्याकडे बघून हसले आणि गेले. मला काकूंच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचा जास्त संताप यायचा. अरे, एकदा तरी ताट आपटा! पण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "कशा आहेत गं?"

त्या हिवाळ्यात मी भावाच्या लग्नाला नागपूरला गेले. सुट्टीत कॅम्पस ओस पडलेला, आणि लॅबच्या इमारतीचं हीटिंग बंद पडलं. उष्ण बेटावरचे जीव ते, एक रात्र काढली नसती. काकूंनी आणि केलीनं सगळ्या पेट्या ब्लँकेटात गुंडाळून काकूंच्या घरी बेसमेंटमध्ये नेल्या. हीटर लावला, दिवे लावले, पांढरा कॅन ठेवला. काकांना सांगितलं, खाली फिरकायचं नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकू स्वतःच्याच ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलातून त्यांनी नवऱ्याला निरोप दिला तो एवढाच, "दार उघडू नका. केली येऊन करेल."

आणि केली येऊच शकली नाही. मोठं वादळ आलं, ती गावाबाहेर राहायची, तिचा रस्ताच बंद. तिनं काकांना फोन केला. काका, रोज सकाळ-संध्याकाळ फक्त पाणी मारा, एवढंच करा. बाटली तिथेच आहे.

नंतर काकांनी मला त्या फोनबद्दल सांगितलं होतं. म्हणाले, "मी अंघोळ करून गेलो गं खाली. पहिल्यांदाच बघत होतो नीट. किती सुंदर आहेत!" रोज ते केलीला कळवायचे, सगळं ठीक आहे, मस्त झोपल्यात. विभाला सांगू नकोस, तिला घरी आल्यावर सरप्राइज. केलीला बिचारीला संशय यायचं कारणच नव्हतं.

मी परत आले त्याच दिवशी काकूंना घरी सोडलं. केलीनं गाडी चालवली, मी मागे वॉकर धरून बसले. काका दारात उभे, नवा शर्ट घालून. काकूंनी कोट काढला नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "खाली."

"काकू, जिना आहे, डॉक्टरांनी..."

त्या जिन्याच्या तोंडाशी बसल्या आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली घसरत गेल्या. ऑपरेशन झालेला पाय पुढे धरून. तोंडातून हूं की चूं नाही. आम्ही दोघी मागे, काका सगळ्यात मागे.

पेट्यांत कागद छान ओले होते. भिंतींवर कुणीच नव्हतं. सगळ्या तळाशी पडल्या होत्या, काही आत खोल ओढलेल्या, काहींच्या तोंडाशी फेस वाळलेला. तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लंही. काकूंनी एक उचलली, तळहातावर ठेवली, फुंकर घातली. मग त्यांची नजर पांढऱ्या कॅनवर गेली. कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाणी कुठलं घातलंत?"

काकांच्या चेहऱ्यावर अजून आनंदच होता हो! त्यांना वाटलं, झोपल्याच आहेत. "आपलं कळशीतलं. रात्रभर ठेवलेलं. म्हटलं ते कॅनमधलं मेलेलं पाणी कशाला द्यायचं पोरींना? तू नाहीस, अंगात ताकद राहू दे त्यांच्या. मला वाटलं की..."

"हेतू नका सांगू."

केलीला मराठी कळत नव्हतं. ती माझा दंड धरून 'what, what did he say' करत होती. मी सांगितलं तेव्हा ती मटकन पायरीवर बसली. काकांना आमच्या चेहऱ्यांवरून कळलं. ते आधी पेट्यांकडे बघत राहिले, मग आपल्या हातांकडे. म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही गं, तांब्याचं चालत नाही म्हणून."

खरं होतं. प्लंबरला सांगितलेली गोष्ट या बाईनं घरात सांगितली नव्हती. काकूंनाही ते त्याच क्षणी कळलं, मी बघितलं ते त्यांच्या तोंडावर. चेहरा एकदा हलला. वाटलं, आता बांध फुटणार. पण त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "विचारलंत का कधी?"

वीस-बावीस वर्षं तो माणूस रोज जेवताना विचारत होता. इतकं दुष्ट वाक्य मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एक वाचली. एकच. काकूंनी तिची पेटी बेसमेंटमध्ये ठेवली नाही, लॅबमध्ये नेली नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवली, काकांच्या ताटासमोर. दोन्ही वेळा काकांनी तिच्यासमोर बसून जेवायचं. ते मान वर करायचे नाहीत. विचारायचंही बंद झालं. आता काकू आपणहून सांगायच्या, "आज थोडी हलली," "आज नाही खाल्लं." या जातीत कधीकधी एकटीलाही बाळं होतात, म्हणून वाट बघितली, झालं नाही. वसंतात झाडांना पालवी फुटली त्या आठवड्यात तीही गेली. जिथं त्या जायच्या होत्या, त्या बेटावरून पत्र आलं, कुंपणातली जागा आता दुसऱ्या जातीला देत आहोत. काकूंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि लॅबच्या किल्ल्या केलीच्या हातात दिल्या.

गणपतीला मंडळानं शाळेचा हॉल घेतला होता. नवीन आलेली जोडपी, कुणी पुण्याची, कुणी मुंबईची, ओळखी चालल्या होत्या. एका नव्या मुलानं काकांना वाकून नमस्कार केला. काकू बाजूलाच होत्या काठी टेकून. "हे आमचे मिस्टर," त्या म्हणाल्या. "यांनी एक अख्खी जात संपवलीय जगातून. करा, नमस्कार करा."

मुलगा हसला. त्याला वाटलं नवरा-बायकोची चेष्टा. काकाही हसले, त्या दिवशी काचेतून हसले होते तसंच. काकूंनी त्या संध्याकाळी प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगितलं. पुढे संक्रांतीला, गुढीपाडव्यालाही. हळूहळू कुणी हसेनासं झालं, मग कुणी त्यांना बोलावेनासं झालं.

मी डिग्री घेऊन दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला आले. डेटा सेंटरची नोकरी, लग्न, सगळं यथासांग. पण वर्षातून एकदा तीन-चार तास ड्राइव्ह करून त्यांच्याकडे जात राहिले. का, ते नवराही विचारतो. बाई मला आवडत नव्हती. पण मोरीतल्या गोगलगाईला माझ्याकडून कुणी कधी न्याय मिळवून दिला असेल तर तिनंच.

काकांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माझं नाव. आणि एका भेटीत जेवताना त्यांनी पहिला घास घेतला आणि तोंडभर हसून विचारलं, "कशा आहेत गं आज तुझ्या गोगलगाई?"



"मेल्या," काकू म्हणाल्या. "तुम्ही मारल्यात."

ते पहिल्यांदाच ऐकत होते. "मी?" म्हणाले. "मी कशाला मारीन?" काकूंनी सांगितलं, कळशी, पाणी, सगळं, क्रमानं. म्हातारा ताटावर रडला. अर्ध्या तासानं ताक पिताना पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगणं, पुन्हा तोच धक्का, पुन्हा रडणं. संध्याकाळी तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी उठून उभी राहिले. "काकू, पुरे करा आता! माणूस आहे तो!"

"मला विसरता येतं का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग त्यांनी का विसरायचं?"

मी बॅग उचलून निघाले. वाटेत गाडी थांबवून रडले, आणि ठरवलं, पुन्हा पाय ठेवायचा नाही तिथं.

गेल्या महिन्यात तरीही गेले. काकूंचा फोन आला होता, काही भांडी देऊन टाकायचीत, तुला हवी तर घेऊन जा. दार त्यांनीच उघडलं. निम्म्या झाल्या होत्या. काका टेबलाशी बसले होते. मला बघून 'या या' म्हणाले, कोण ते न ओळखता. मग काकूंकडे वळून, "कशा आहेत गं आज गोगलगाई?"



"बऱ्या आहेत," काकू म्हणाल्या. "पाणी मारायचं राहिलंय."

काका लगबगीनं उठले. मी काकूंचा हात धरला आणि म्हटलं, "बरं केलंत काकू. फार बरं केलंत."

त्यांनी हात सोडवून घेतला. "बरंबिरं काही नाही. वर्षभर रोज सांगून बघितलं. दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही डोक्यात. शिक्षा वाया जाते."

खाली बेसमेंटमध्ये दिवे लागलेले होते. पेट्या तशाच, रांगेत, धुतलेल्या, आत नवा कागद घातलेला. तो कोण घालत होतं, ते मी विचारलं नाही. अण्णाकाकांनी कळशीतलं पाणी स्प्रेच्या बाटलीत ओतलं, एक थेंब सांडू दिला नाही. मग एकेका पेटीचं झाकण उचलून, आवाज न करता, ते आत पाणी मारू लागले. काकू काठीवर भार देऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या.

"पाठवणी कधी म्हणालीस यांची?" काकांनी मागे न बघता विचारलं.

"उन्हाळ्यात."

"मग ताकद यायला हवी," ते म्हणाले आणि पुढच्या पेटीकडे सरकले.

काकूंनी चष्म्याच्या वरून पेटीकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "कोपरा राहिला."

अण्णाकाका परत फिरले, वाकले, आणि तो रिकामा कोपरा त्यांनी नीट भिजवला.